न झालेल्या भेटीची तसबीर

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून आज ते कानांनीच पाहू या. डोळे मिटून ऐकलंत तरी चालेल. गाडी चालवत असाल तर मात्र नको.

वहीच्या पानाएवढी तसबीर. खाली पृथ्वीचा गोल, त्यावर सिंह आणि कोकरू शेजारी शेजारी पहुडलेले. सिंहाच्या पाठीवर बादशहा जहांगीर, कोकराच्या पाठीवर इराणचा शाह अब्बास. दोघांची गळाभेट चालली आहे आणि मागे सूर्यचंद्राचं भलंमोठं सोनेरी वलय. केवढं प्रेम, नाही? आता जरा जवळून बघा. जहांगीर भरदार, मोत्यांनी मढलेला. अब्बास किरकोळ, अंग चोरून उभा. आणि तो सिंह ऐसपैस पसरत कोकराला हळूच भूमध्य समुद्राकडे ढकलतोय!

हे दोघं आयुष्यात कधी भेटलेच नाहीत. बादशहाला ही भेट स्वप्नात घडली, असं चित्रावरच्या ओळी सांगतात. चितारणारा अबुल हसन. त्यानं 1618 च्या सुमारास ते काढलं. त्याचे वडील आका रझा इराणातून आलेले चित्रकार, मुलगा मात्र जहांगीरच्या पदरी तयार झालेला.

इराणी कलम आपल्याकडे रुजलं त्याला कारण एक पराभव. शेरशहाकडून हरलेला हुमायून 1544 मध्ये इराणच्या शाह तहमास्पच्या आश्रयाला गेला. तहमास्पचं मन तेव्हा चित्रांतून उडू लागलं होतं. हुमायूननं त्याच्या दरबारातले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोन चित्रकार हेरले. 1549 मध्ये ते काबूलला येऊन दाखल झाले. पुढे अकबरानं हम्झानामा, म्हणजे हम्झा नावाच्या वीराच्या साहसकथांची सचित्र पोथी, काढवून घेतला : कापडावरची सुमारे 1400 मोठमोठी चित्रं. अकबराच्या त्या चित्रांच्या कारखान्यात भिंतींवर रेघोट्या ओढणारा दसवंतही होता, पालखी वाहणाऱ्या भोयाचा पोर. अकबरानं त्याला अब्दुस्समदच्या हाताखाली दिलं.

इराणी पोथीतला राजपुत्र देखणा असतो, पण बहुतेक साऱ्या राजपुत्रांचा चेहरा एकच, पौर्णिमेच्या चंद्रासारखा वाटोळा. सावली नाही. लांबचं पान जवळच्या पानाइतकंच रेखीव. इथल्या हातांनी त्या नाजूक रेषेत वजन भरलं. सुरकुत्या आल्या, सुटलेली पोटं आली. चेहरा त्या एकाच माणसाचा झाला. त्याला म्हणत शबीह.

म्हणून तर 1613 मध्ये खान आलमला वकील, म्हणजे राजदूत, म्हणून इराणला धाडताना जहांगीरनं सोबत बिशनदास हा चित्रकार दिला. काम एकच : शाहची आणि त्याच्या सरदारांची हुबेहूब शबीह आणायची. वकिलाच्या पत्रात गोड शब्द मावतात, पण समोरचा थकलाय की ताठ आहे, हे चेहराच सांगतो. ज्या कलेचे पहिले उस्ताद इराणातून आले, तीच कला आता इराणच्या शाहचं तोंड न्याहाळायला निघाली होती. मला या सगळ्या हकिकतीत हाच भाग सर्वात आवडतो. मंडळी 1620 मध्ये परतली. बादशहा इतका खूश झाला की त्यानं बिशनदासला हत्ती बक्षीस दिला, आणि तशी नोंद आपल्या आठवणींत केली.

दोनच वर्षांनी, 1622 मध्ये, शाह अब्बासनं जहांगीरकडून कंदाहार हिसकावून घेतलं. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयातल्या त्या पानावर सिंह अजून ऐसपैस पसरलेला आहे.

नमस्कार.