दार सर्वांत शेवटी

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की त्याच्यासाठी क्रेट, म्हणजे आत झोपण्यासाठी दार असलेला जाळीचा पिंजरा, आणला जातो, आणि बहुतेक वेळा पहिल्याच रात्री पिल्लाला आत ठेवून दार लावले जाते. आज मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे : हे दार सर्वांत शेवटी लावायचे असते.

माझ्याकडे आलेले पिल्लू नऊ आठवड्यांचे होते. पहिल्या रात्री मी त्याला बाहेरच्या खोलीत क्रेटमध्ये ठेवले आणि रडून रडून झोपेल अशा समजुतीने दार लावून घेतले. पहाटे पाहिले तेव्हा त्याची हनुवटी लाळेने भिजलेली होती आणि जाळीवर घासून घासून नाक लाल झाले होते. त्या रात्रीचे मला आजही वाईट वाटते. सकाळी मी क्रेटचे दार बिजागरीतून काढूनच टाकले आणि खाण्याची वाटी आत ठेवली. पण पिल्लू पुढचे दोन पाय आत टाकी आणि लगेच मागे पळे. त्याला कोंडले जाण्याची धास्ती बसली आहे, असेच मी दोन दिवस धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी मी क्रेटशेजारी जमिनीवर आडवा होऊन पाहत राहिलो, तेव्हा ध्यानात आले की पंजा पडताच तळाचा पत्र्याचा ट्रे खडखडतो आणि पिल्लू दचकते ते त्या आवाजाला. मी ट्रेखाली चादरीची घडी सरकवली, वर जाड अंथरूण घातले, आणि त्याच संध्याकाळी ते वाटीपर्यंत गेले. सहाव्या दिवशी दुपारी पिल्लू कुठे दिसेना म्हणून शोधले, तर ते आपणहून क्रेटमध्ये जाऊन गाढ झोपलेले होते. दार अजून बसवलेलेच नव्हते.

म्हणून पुन्हा सांगतो, दार शेवटी. आधी पिल्लाने आपल्या पायांनी आत जावे, आत खावे, आत झोपावे. मग ते खात असताना दार क्षणभर लोटून लगेच उघडावे आणि हा वेळ हळूहळू वाढवावा. क्रेट इतकाच मोठा असावा की पिल्लाला उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता यावे, कारण जागा फार मोठी असली की ते एका कोपऱ्यात घाण करते आणि दुसऱ्या कोपऱ्यात झोपते. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढावा, कारण तो जाळीत अडकू शकतो. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कधीही टाकू नये. आणि ओघात आले म्हणून सांगतो, आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू आईपासून तोडूच नये. जे देऊ करतात त्यांना स्पष्ट नकार द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

रात्री क्रेट आपल्या अंथरुणाशेजारी असावा. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर लघवी धरवत नाही, तेव्हा ते मध्यरात्री कुंइकुंइ करू लागले तर त्याला हट्ट समजू नये. दिवे न लावता, न खेळवता त्याला बाहेर नेऊन आणावे, पुन्हा आत ठेवावे आणि त्याला झोप लागेपर्यंत आपली बोटे जाळीपाशी राहू द्यावीत.

नमस्कार.