कणगीचा तळ

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याची दुपार आहे, बाहेर पारा 42 अंशांच्या पुढे गेला आहे आणि रांजणातले पाणीही कोमट झाले आहे. अशा वेळी मी आपल्याशी बर्फावर राहणाऱ्या एका प्राण्याविषयी बोलणार आहे. तो प्राणी म्हणजे ध्रुवीय अस्वल. कॅनडा, अलास्का, रशिया, ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या उत्तरेकडच्या गोठलेल्या समुद्रावर ही अस्वले राहतात आणि सगळी मिळून त्यांची संख्या सुमारे 26,000 असावी, असा अंदाज आहे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावातही याहून अधिक माणसे असतात. जाता जाता एक सांगते. शाळांच्या भिंतींवर हे अस्वल आणि पेंग्विन एकाच बर्फावर शेजारी शेजारी रंगवलेले असतात, ते चुकीचे आहे. अस्वल उत्तर ध्रुवाकडचे, पेंग्विन दक्षिण गोलार्धातला, आणि त्यांची गाठ कधीच पडत नाही. मुलांना चुकीचे चित्र दाखवण्यापेक्षा भिंत कोरी ठेवावी, असे मी 32 वर्षे शिकवताना सांगत आले.

पृथ्वी तापते आहे म्हणून हे अस्वल उकाड्याने मरते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. ते भुकेने मरते. त्याचे मुख्य अन्न म्हणजे सील नावाचा समुद्री प्राणी. सील पाण्यात राहतो, पण श्वास घेण्यासाठी त्याला बर्फातल्या छिद्रापाशी वर यावे लागते, आणि त्या छिद्राशी अस्वल तासन् तास दबा धरून बसते. मोकळ्या पाण्यात मात्र पोहणाऱ्या सीलला गाठणे त्याला जवळजवळ अशक्य असते. म्हणून समुद्रावरचा बर्फ हे त्याचे रान आहे. आपली सुगी असते, तशी त्याचीही सुगी असते. एप्रिलपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत सीलची नुकतीच दूध तुटलेली, चरबीने गच्च भरलेली पिल्ले त्याला मिळतात, तेव्हा ते पोटभर खाते आणि ती चरबी आपल्या कातडीखाली साठवते. पुढे बर्फ वितळला की त्या साठ्यावर त्याला दिवस काढावे लागतात. पुन्हा सांगते, कारण पुढचे सारे याच्यावर उभे आहे: बर्फ म्हणजे त्याचे रान, आणि अंगावरची चरबी म्हणजे त्याची कणगी.

आता त्या रानाचे काय होते आहे ते पाहा. आपण उन्हाळ्यात स्लॅबला चुना मारतो, कारण पांढरा रंग ऊन परतवतो. समुद्रावरचा बर्फ हेच काम करत असतो. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून आपण हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याने हवा तापते, बर्फ वितळतो, खालचे काळे पाणी उघडे पडते आणि ते ऊन गिळू लागते. मग आणखी बर्फ वितळतो. 1979 पासूनच्या नोंदी पाहिल्या, तर उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश साऱ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी बर्फाविना राहण्याचा काळ 1980 च्या दशकापेक्षा सुमारे 3 आठवड्यांनी वाढला आहे. तीन आठवडे ऐकायला थोडे वाटतात. पण ते सुगीतून कापले जातात आणि उपासात जोडले जातात. तिथली अस्वले 1980 च्या दशकात सुमारे 1,200 होती, 2021 च्या मोजणीत ती 618 भरली.

2008 मध्ये अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात एका मादीच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी पट्टा बांधला होता. बर्फ शोधत ती सलग 9 दिवस पोहत राहिली आणि 687 किलोमीटर अंतर कापून गेली. दोन महिन्यांनी ती पुन्हा सापडली, तेव्हा तिचे वजन 22 टक्क्यांनी घटले होते, आणि तिच्यासोबतचे वर्षभराचे पिल्लू उरले नव्हते.

भुकेची गोष्ट इथवर झाली. आता विषाची. त्यासाठी मला आपल्याला माझ्या लहानपणच्या घरात न्यावे लागेल.

परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या एका खेड्यात आमचे घर होते. माजघराच्या कोपऱ्यात तुरकाट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, माझ्या दुप्पट उंचीची कणगी उभी असे आणि तिच्यात वर्षाची ज्वारी भरलेली असे. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी आठ वर्षांची होते. पावसाने पाठ फिरवली, विहिरी आटल्या, आई आणि दादा खडी फोडायला दुष्काळी कामावर जाऊ लागले, आणि घरी उरलो आजी, मी आणि माझा तीन वर्षांचा भाऊ. कामावरून मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो यांवर गाव जगत होते, तरी आमच्या कणगीत आदल्या वर्षीची थोडी ज्वारी होती, आणि आजी ती अगदी मोजून काढत असे.

त्या ज्वारीला सोंडे लागू नयेत म्हणून, ती भरताना, माझ्या चुलत्यांनी तिच्यात पावडर मिसळली होती. कापसावर धुरळणीसाठी आणलेल्या डब्यातली ती उरलेली पावडर. गावात साऱ्याच पांढऱ्या पावडरीला डीडीटी म्हणत. पण ती बीएचसी नावाचे दुसरेच कीटकनाशक होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या डब्यावर धोक्याची सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत होती, आणि आमच्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नव्हते. विषाच्या डब्यावरची सूचना त्या भागाच्या भाषेत आणि म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत असली पाहिजे, हे माझे तेव्हापासूनचे मत आहे आणि ते आजही तसेच आहे.

कितीतरी महिने आम्ही वरची ज्वारी खाल्ली आणि कोणाला काही झाले नाही. पण रोज मापटे बुडवायचे, रोज दाणे हलायचे, आणि रोज ती पावडर दाण्यांच्या फटींतून थोडी थोडी खाली उतरायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कणगी तळाला लागली. आजीचा हात पोहोचेना, तेव्हा तिने माझ्या काखेत हात घालून मला आत सोडले. आत अंधार होता आणि गार होते. पायांखाली दाणे होते, पण ते मोकळे नव्हते, पिठात घोळल्यासारखे राखाडी होते. मी पहिले मापटे भरले, तेव्हा कुबट, घशात बसणारा एक वास उठला आणि मला शिंका सुरू झाल्या. मी वर पाहिले. गोल उजेडात आजीचा चेहरा होता. तिने विचारले, “काय गं?” मी म्हटले, “वास येतोय.” ती क्षणभर काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, “भर, लेकरा. दुसरं काय हाय घरात?”

तिने ते दाणे सुपात पाखडले, तीन पाण्यांनी धुतले, वाकळीवर वाळवले आणि जात्यावर दळले. भाकरी नेहमीसारखीच झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ अंगणात खेळता खेळता खाली बसला, त्याचे हात थरथरू लागले, डोळे वर गेले आणि अंगाला झटके यायला लागले. शेजारणी धावल्या. कोणी फेफरे म्हणाले, कोणी बाहेरची बाधा म्हणाले, कोणी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. दुष्काळी कामावर येणारे एक डॉक्टर त्या दिवशी सुदैवाने गावात होते. त्यांनी मुलाला पाहिले आणि आजीला म्हणाले, “मावशी, पिठाचा डबा दाखवा.” त्यांनी चिमूटभर पीठ नाकाशी नेले आणि डबा तिथेच उपडा केला. मग आजीने जे विचारले, ते मला शब्दशः आठवते. ती म्हणाली, “भाकर आम्ही समद्यांनीच खाल्ली की, मग ह्यालाच का?” डॉक्टर म्हणाले, “ह्याच्या अंगात काही उरलेलं नाही. आणि विष तळाला साचलेलं असतं, मावशी. वर असताना ते कळत नाही.”

भाऊ वाचला. आजीने उरलेली ज्वारी विहिरीपासून लांब, पडीक रानात खड्डा करून पुरली. नेताना वाटेत काही दाणे सांडले होते. रोज सकाळी चिमण्यांना मूठभर दाणे टाकणारी माझी आजी त्या दुपारी काठी घेऊन उन्हात बसली आणि सगळे दाणे वेचून होईपर्यंत एकही चिमणी तिने तिथे उतरू दिली नाही. त्यानंतर आमच्या घरी धान्यात कडुनिंबाचा पाला आणि राखच पडली.

आता ही कणगी मनात ठेवून पुन्हा उत्तरेकडे चला. बीएचसी, डीडीटी, आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पूर्वी वापरली जाणारी पीसीबी नावाची रसायने सहजासहजी कुजत नाहीत. तापलेल्या रानातून ती वाफ होऊन उठतात, वाऱ्याबरोबर जातात, आणि पातेल्यातली वाफ जशी गार झाकणाला जाऊन बसते, तशी थंड प्रदेशात जाऊन बसतात. तिथे समुद्रातल्या सूक्ष्म जिवांना लहान मासे खातात, लहान माशांना मोठे मासे, माशांना सील आणि सीलला अस्वल. प्रत्येक पायरीवर विष अधिक दाट होते, आणि ते साठते चरबीत. ध्रुवीय अस्वल या साखळीच्या टोकाला आहे आणि ते खाते मुख्यतः चरबीच. ज्या प्राण्याच्या मुलखात ना कापसाचे रान आहे ना कारखाना, त्याच्या अंगात हे विष असे पोहोचते.

विष चरबीत पडून आहे तोवर अस्वलाला त्याचा त्रास कमी होतो, वरच्या ज्वारीसारखा. पण उपास लांबला, की शरीर ती चरबी जाळू लागते. चरबी संपत जाते, विष मात्र जळत नाही. ते रक्तात उतरते आणि उरलेल्या चरबीत आणखी दाट होते. शरीरातली संप्रेरके आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती यांत ही रसायने ढवळाढवळ करतात, असे ध्रुवीय अस्वलांच्या अभ्यासांतून दिसले आहे. म्हणजे हवामान बदल आणि प्रदूषण ही दोन वेगळी संकटे आहेत, असे आपण बोलतो, ते अस्वलाच्या अंगात खरे राहत नाही. तिथे भूक आणि विष एकाच वाटेने येतात. बर्फ उशिरा आला, की कणगी तळाला जाते, आणि तळाला काय साचलेले असते ते आपण आत्ताच ऐकले.

यात सर्वांत वाईट गत पिल्लाची होते. हडसन उपसागराकडची गाभण मादी सुमारे 8 महिने काहीही न खाता राहते. त्या उपासातच ती बिळात विते आणि पिल्लाला पाजते. जन्मताना पिल्लू जेमतेम 600 ग्रॅमचे असते, आणि आईच्या दुधात सुमारे 30 टक्के चरबी असते. ती चरबी आईच्या अंगातल्या साठ्यातून येते, आणि साठ्यात जे असेल तेही तिच्याबरोबर येते.

विषाच्या बाबतीत माणसाने काही केले आहे, हेही सांगायला हवे. चीनने 1983 मध्ये आणि भारताने 1990 च्या सुमारास शेतीतला बीएचसीचा वापर आवरल्यावर, उत्तर ध्रुवाकडच्या हवेतले त्याचे प्रमाण खरोखर घसरले. 1997 मध्ये आपल्याकडे त्यावर पूर्ण बंदी आली. अशा टिकाऊ विषांवर 2001 मध्ये स्टॉकहोम येथे जगातल्या देशांनी करार केला आणि भारत 2006 मध्ये त्यात सामील झाला. परभणीच्या रानात काय धुरळले जाते, याचा हिशोब हजारो किलोमीटरवरच्या हवेत लागतो, याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. पण बर्फ वितळत राहिला, तर त्यात आणि त्याखालच्या पाण्यात पूर्वी अडकलेले विषही पुन्हा हवेत सुटते, आणि तसे सुटत असल्याचे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. रसायन बंद करता आले. कोळशाचा धूर अजून तसा आवरता आलेला नाही.

माझा भाऊ आता पन्नाशी ओलांडून पुढे गेला आहे आणि त्याच गावात कापूस, सोयाबीन करतो. पीठ मळायला घेण्याआधी मूठभर पीठ नाकाशी नेण्याची सवय आमच्या घरात सगळ्यांनाच आहे. हे भाषण लिहिताना मी त्याला ही सारी हकीकत फोनवर वाचून दाखवली. त्याने एकच प्रश्न विचारला, “ताई, त्या अस्वलाला वास येत नाही का गं?” मी त्याला सांगितले, की बर्फाखाली दडलेल्या सीलचा वास त्या अस्वलाला सुमारे किलोमीटरभर अंतरावरून येतो, एवढे त्याचे नाक तीक्ष्ण असते. तो म्हणाला, “तो नाही. चरबीतल्या पावडरीचा.”

मला त्याला नाही म्हणावे लागले.

नमस्कार.