कागदावरचा मनमिळाऊ माणूस

(कोल्हापुरात एका प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळीच्या स्मरणसभेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, आपल्याकडे दफनाच्या आधी एक कागद वाचला जातो. मयताचा जीवनवृत्तांत. जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी झाला, नोकरी कुठं केली, लग्न, मुलंबाळं, नातवंडं आणि शेवटी 'प्रभूमध्ये निजले' ती तारीख. मी मराठीची शिक्षिका होते म्हणून असेल, पण हा कागद लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. तिकडं शवपेटी आणायला माणसं गेलेली असतात, पुण्याचा मुलगा अजून कराडच्या अलीकडं पोचलेला नसतो आणि धाकटा भाऊ वही घेऊन माझ्या दारात उभा असतो. "बाई, चार ओळी लिहून द्या की." मी विचारते, "दादा कसे होते रे तुझे?" तो जरा विचार करतो आणि सांगतो, "प्रेमळ होते. मनमिळाऊ होते. प्रार्थनाशील होते."

हे तीन शब्द ऐकले की माझ्यापुढचा माणूसच नाहीसा होतो. कारण तो मनमिळाऊ माणूस मला ठाऊक असतो! कॅरममध्ये हरला की सोंगट्या उधळणारा. तांबड्या रश्श्यात मीठ कमी पडलं की ताट सरकवून उठणारा. सख्ख्या मेहुण्याशी वर्षानुवर्षं न बोललेला. आणि रात्री अडीच वाजता शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा बनियनवर शर्ट चढवत रिक्षा काढणाराही तोच. कागदावर यातलं काही येत नाही. ना सोंगट्या, ना रिक्षा.

ख्रिस्ती माणसानं आपल्या मयताबद्दल खरं बोलायला बिचकू नये, एवढंच सांगायला मी आज उभी आहे. आपल्या विश्वासानंच आपल्याला ती मोकळीक दिली आहे. पण आपण ती वापरत नाही.

का वापरत नाही? गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, ही रीत सगळीकडं आहे, आणि ती चांगलीच आहे. आपल्या कोल्हापुरात तर चौकाचौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फलक लागतात. त्या फलकावर आजवर कुणी तिरसट माणूस गेल्याचं मी तरी वाचलेलं नाही. पण आपल्या मनात त्याहून खोल एक भीती असते. मी याला चांगला म्हटलं नाही तर याचं पुढं काय होईल? म्हणजे आपण मयताचं वकीलपत्र घेतो. विरोधी पक्षाला दिसेल असा एकही कागद बाहेर काढत नाही.

अहो, पण तो खटला आपल्याकडं आहेच कुठं? आपला विश्वास असा की तारण कृपेनं होतं, कर्मानं नाही, आणि न्याय करणारा वेगळा आहे. तो आपला वृत्तांत वाचून निकाल देणार नाही. त्याला सोंगट्यांचं आधीच माहीत आहे. मग आपल्याला वकिली करायची गरज काय? आपण साक्षीदार व्हावं. पाहिलं तेवढं सांगावं आणि खाली बसावं.

इथं आपल्यातल्या कॅथलिक मंडळींशी थोडा फरक पडतो. त्यांच्याकडं 2 नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस पाळतात, कबरी धुऊन फुलं आणि मेणबत्त्या लावतात, मयतासाठी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, अर्पण करतात. मृतांसाठी विनंती करता येते, अशी त्यांची श्रद्धा. आपण प्रोटेस्टंट तशी विनंती करत नाही, आपण उपकारस्तुती करतो. या वादात आज मी शिरत नाही. माझी मावशी कॅथलिक घरात दिलेली होती आणि तिच्या कबरीवर मेणबत्ती लावताना माझा हात कधी अडला नाही, एवढं सांगते आणि पुढं जाते.

खरं सांगण्याची ही रीत पवित्र शास्त्रातच आहे. येशूचा शिष्य पेत्र घ्या. पहिल्या मंडळीतला एवढा मोठा माणूस. येशूला धरलं त्या रात्री त्यानं कोंबडा आरवण्याआधी तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं, ही गोष्ट येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत आहे. ती झाकणं किती सोपं होतं! आणि मार्काचं शुभवर्तमान पेत्राच्याच आठवणींवरून लिहिलं गेलं, अशी जुनी परंपरा आहे. ती खरी धरली, तर म्हाताऱ्या पेत्रानं ही गोष्ट स्वतःच सांगितली असणार.

दावीद राजाचं तर दोन्ही प्रकारांनी लिहिलेलं आहे. बायबलातल्या 'दुसरे शमुवेल' या पुस्तकात दावीदानं उरीयाची बायको बथशेबा आपल्याकडं आणली ते आहे, उरीयाला लढाईत पुढं धाडून मारवलं ते आहे, नाथान संदेष्टा तोंडावर बोलला ते आहे. 'पहिले इतिहास' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात तीच लढाई येते, राजा यरुशलेमेत राहिला असंही येतं, पण बथशेबाचं प्रकरण तेवढं गाळलेलं! इतिहासकारानं दावीदाचा जीवनवृत्तांत लिहिला, आपण लिहितो तसाच. मग शुभवर्तमान लिहिणारा मत्तय येशूची वंशावळ सांगायला बसतो तेव्हा काय करतो? दावीदाला शलमोन झाला, एवढ्यावर भागलं असतं. तो लिहितो, उरीयाच्या बायकोपासून झाला. प्रभूच्या स्वतःच्या घराण्याचा कागद, आणि त्यात उरीयाचं नाव घालून ठेवलंय.

लांब कशाला जायचं? प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेब काय वाचतात? 'माझ्या स्मरणार्थ हे करा' हे शब्द आपल्याला पाठ आहेत. पण प्रेषित पौलाच्या पत्रात त्याची सुरुवात 'ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आलं' अशी आहे. भाकर हातात घेण्याआधी आपण दगाफटक्याची आठवण काढतो. मतांगीकारात, म्हणजे आपल्या विश्वासाच्या कबुलीत, दर रविवारी पंतय पिलाताचं नाव घेतो. ज्याच्या सहीनं वधस्तंभ मिळाला, त्याला वगळून आपण प्रभूला आठवू शकत नाही. आणि तिसऱ्या दिवशी उठलेला ख्रिस्त आपल्या शिष्याला, थोमाला, हात दाखवतो, तेव्हा खिळ्यांचे व्रण जागच्या जागी असतात. पुनरुत्थानानं ते पुसले नाहीत. मग आपल्या माणसाच्या आयुष्यातले व्रण आपण कोणत्या अधिकारानं पुसायचे?

आता कुणी म्हणेल, बाई, म्हणजे दफनभूमीत उभं राहून उणीदुणी काढायची का? नाही हो. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात यापो गावची टबीथा आहे, तिलाच दुर्कस म्हणतात. ती गेली आणि पेत्राला बोलावणं धाडलं. तो माडीवर गेला तर विधवा बाया रडत उभ्या होत्या. त्यांनी 'फार प्रेमळ होती' असं भाषण केलं नाही. दुर्कसनं शिवलेले अंगरखे आणि कपडे त्या पेत्राला दाखवू लागल्या. बघा, शोक कसा करावा ते! हे तिनं शिवलं, हे माझ्यासाठी शिवलं. त्या कपड्यांत एखादी शिवण वाकडीही असेल, पण ती दुर्कसच्या हातची होती.

मी आता लोकांना तसंच विचारते. कसे होते ते सोडा, त्यांनी हातानं काय केलं ते सांगा. मग बोलणं सुरू होतं. एकीनं सांगितलं, आमची आई संडे स्कूलच्या पोरांना चिरमुऱ्याचे लाडू करून न्यायची आणि वचन पाठ नसलेल्या पोराला अर्धाच लाडू द्यायची. हे मी वृत्तांतात जसंच्या तसं घातलं. वाचताना मंडळीत हसू फुटलं आणि मागच्या बाकावरचे दोन टक्कल पडलेले गृहस्थ रडायला लागले. अर्ध्या लाडवाचे मानकरी असणार.

रडण्याचंही एक सांगायला हवं. आपल्यात काही जण पेटीपाशीच दटावतात, 'रडू नका, तो प्रभूच्या घरी गेलाय.' मेलेल्या लाजराला उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो बेथानीत कबरीकडं जाताना रडला. योहानानं आपल्या शुभवर्तमानात त्या रडण्याला आख्खं वचन दिलंय: 'येशू रडला.' थेस्सलनीकाकरांस पौलानं लिहिलं तेही नीट वाचा. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं तो म्हणतो. खेदच करू नका, असं म्हणत नाही.

शेजारणी मला विचारतात, "तुमच्यात रक्षाविसर्जन नाही, बारावं नाही, मग तुम्ही करता तरी काय?" प्रश्न रास्त आहे. विधी कमी असले की स्मरणाचा भार बोलण्यावर येतो. म्हणून आपलं बोलणं पोकळ झालं, तर आपल्याकडं दुसरं फारसं काही उरत नाही. आमच्या घरी मयत झालं तेव्हा चूल पेटली नव्हती, आणि भाकरी-पिठल्याची पहिली दुरडी आली ती समोरच्या मराठ्यांच्या घरातून. तेही माझ्या सासऱ्यांच्या वृत्तांतात लिहिलेलं आहे.

मराठी ख्रिस्ती घरात हे काम सगळ्यात चोख कुणी केलं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांनी. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 साली गेले. मुलगा वडिलांचं चरित्र लिहायला बसला, त्यानं आईकडं आठवणी मागितल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' उभं राहिलं, 1934 पासून भागाभागानं छापलं गेलं. टिळकांचा राग, त्यांचा विसराळूपणा, पैशाचा हिशेब न ठेवणं, 1895 साली घर सोडून ख्रिस्ती झाले तेव्हा बाईंनी काय सोसलं, सगळं त्यात आहे. नवऱ्याची एवढी थट्टा करणारी बाई त्याच्यावर किती जीव टाकत होती, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टिळक कवी म्हणून मोठे होतेच, पण आज ते घरातल्या माणसासारखे ओळखीचे वाटतात ते बाईंच्यामुळं.

कोल्हापुरात मिशनचं काम मिशनरी रॉयल वाइल्डर साहेबांनी 1852 साली सुरू केलं. म्हणजे आपल्यातल्या काही घरांत पाच-सहा पिढ्या झाल्या असतील. पण आजोबांच्या वडिलांबद्दल विचारा, 'फार प्रार्थनाशील होते' यापलीकडं कुणाला सांगता येत नाही. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा फोटोंचे अल्बम किती गेले! माझ्या बहिणीकडं घरातला जुना बायबल भिजला. पहिल्या कोऱ्या पानांवर आजोबांनी घरातले जन्म, बाप्तिस्मे, मृत्यू लिहिलेले होते. टाकानं लिहिलेल्या तारखा पार पसरल्या. मध्येमध्ये शिसपेन्सिलीनं खरडलेलं मात्र वाचता येतं. त्यात एक ओळ आहे: 'आज थोरल्याशी भांडण. संध्याकाळी दोघं मिळून गूळ आणला.' तारखा मंडळीच्या नोंदवहीतून परत मिळाल्या. ही ओळ कुठल्या नोंदवहीत मिळणार होती?

आता मघाशी चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देते आणि थांबते. विचारलंय, दहन केलं तर चालतं का, आणि रक्षा पंचगंगेत सोडली तर? कॅथलिक चर्चनं 1963 साली दहनाला मोकळीक दिली, पण रक्षा विखुरू नये, घरी ठेवू नये, पवित्र जागी ठेवावी, असं 2016 साली पुन्हा बजावलं. आपल्याकडं हे पाळकसाहेबांशी बोलून ठरवावं. माझं मत विचाराल तर पुनरुत्थान करणाऱ्याला माती आणि राख यांत अडचण नाही. पण नातवंडांना जाऊन उभं राहायला एक जागा लागते, म्हणून दहन केलंत तरी रक्षा दफनभूमीत ठेवा आणि दगडावर नाव घाला. दगडावर 'प्रेमळ' घालायचं असेल तर घाला, जागा तेवढीच असते. घरच्या वहीत मात्र लाडवाचं लिहा.