रशियन क्रियापदाला काळ तीनच, मग अडतं कुठे? इंग्रजीशी थेट तुलना

नमस्कार. इंग्रजी क्रियापदाचा तक्ता मांडायला बसलात तर तीन काळ आणि प्रत्येकाचे चार प्रकार, असे बारा खाने भरावे लागतात. रशियनमध्ये ‘वाचणे’ या क्रियेसाठी खाने पाचच. हे ऐकून हायसं वाटतं, पण फार काळ नाही. इंग्रजीत जी माहिती बारा रूपांवर वाटलेली आहे, त्यातली बरीचशी रशियन सांगतच नाही. आणि इंग्रजी जे कधी विचारत नाही, ते रशियन प्रत्येक वाक्यात विचारते.

(पडद्यावर: वरच्या ओळीत चिताल, चितायु, बूदु चितात्. खालच्या ओळीत प्रचिताल, प्रचितायु.)

वरची ओळ ‘चितात्’ या क्रियापदाची: वाचत होतो किंवा वाचायचो, वाचतो किंवा वाचतोय, वाचत असेन. खालची ओळ ‘प्रचितात्’ची: वाचून झालं, वाचून काढेन. रशियनमधली बहुतेक क्रियापदं अशी जोडीने येतात. एक अपूर्ण, म्हणजे इम्परफेक्टिव्ह. दुसरं पूर्ण, म्हणजे परफेक्टिव्ह. या भेदाला रशियन व्याकरणात ‘विद’ म्हणतात.

खालच्या ओळीत वर्तमानकाळच नाही, हे पाहिलंत? परफेक्टिव्ह क्रियापद क्रियेकडे तिच्या शेवटच्या मर्यादेसकट, अख्खी म्हणून पाहतं. आत्ता चालू असलेली क्रिया त्या मर्यादेपर्यंत अजून पोहोचलेली नसते, म्हणून ती या रूपात बसतच नाही. त्यामुळे ‘प्रचितायु’ला प्रत्यय ‘चितायु’सारखाच असला, तरी अर्थ भविष्याचा: ‘वाचून काढेन’. इथे दोन चुका हमखास होतात. ‘प्रचितायु’चा अर्थ ‘वाचतोय’ असा लावणं ही पहिली. दुसरी म्हणजे ‘बूदु प्रचितात्’ असं रूप तयार करणं. ‘बूदु’पुढे फक्त अपूर्ण क्रियापद येतं, याला अपवाद नाही.

भूतकाळ मराठी माणसाला सोपा जातो, कारण तो लिंगाप्रमाणे बदलतो. पुरुष म्हणेल ‘या चिताल’, बाई म्हणेल ‘या चिताला’, अनेकवचनी ‘चितालि’. मी, तू, तो यांनी मात्र काही बदलत नाही. कारण हे रूप मुळात ‘असणे’ या सहायक क्रियापदासोबत येणारं धातुसाधित होतं. पुढे सहायक गळून पडलं आणि धातुसाधित तेवढं उरलं. आपल्या ‘गेला, गेली’शी हे जुळतं खरं, पण एक फरक सांभाळा. मराठीत ‘तिने पुस्तक वाचलं’ म्हणताना क्रियापद पुस्तकाच्या लिंगाने चालतं. रशियनमध्ये ते कायम कर्त्याच्याच लिंगाने चालतं.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. इंग्रजीतला परफेक्ट आणि रशियनमधला परफेक्टिव्ह यांची नावं इतकी सारखी आहेत, आणि मराठीत तर दोन्हीला आपण ‘पूर्ण’च म्हणतो, की ‘हॅव’ दिसला की परफेक्टिव्ह लावायचा, असा नियम विद्यार्थी मनाशी बांधून टाकतात. हा नियम चुकीचा आहे. इंग्रजी परफेक्ट सांगतो की घटना एका ठरावीक क्षणाच्या आधीची आहे आणि त्या क्षणाशी तिचा संबंध आहे. मर्यादा गाठली की नाही, हा त्याचा प्रश्न नाही. रशियन परफेक्टिव्ह नेमका तोच प्रश्न विचारतो.

‘हॅव यू रेड धिस बुक?’ हे रशियनमध्ये ‘वी चितालि एतु क्नीगु?’ असं होतं. अपूर्ण क्रियापद! तुमच्या आयुष्यात ही गोष्ट घडली आहे का, एवढंच विचारायचं असलं की रशियन अपूर्ण रूप घेते, पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं असलं तरी. ‘प्रचितालि’ म्हणालात, तर ‘वाचायला घेतलं होतंत ना, संपलं का?’ असा सूर येतो. ग्रंथपालाने तसं विचारलं तर ठीक. नुसत्या गप्पांमध्ये समोरच्याला वाटेल आपली तपासणी चालली आहे.

यापुढची जोडी माझ्या मते सगळ्यात बोलकी आहे. ‘क्तो अत्क्रील अक्नो?’ आणि ‘क्तो अत्क्रिवाल अक्नो?’ इंग्रजीत दोन्हीला ‘हू ओपन्ड द विंडो?’ चालून जातं. रशियनमध्ये पहिल्या प्रश्नाच्या वेळी खिडकी उघडी आहे, वारा आत येतोय. दुसऱ्यात खिडकी आता बंद आहे, पण मधल्या वेळात कोणीतरी ती उघडली होती. तसंच ‘प्रिशोल द्रूग’ म्हणजे मित्र आलाय, इथेच आहे. ‘प्रिखादील द्रूग’ म्हणजे येऊन गेला. ज्या क्रियेचा परिणाम उलटवता येतो, म्हणजे येणं, उघडणं, घेणं, चालू करणं, तिथे अपूर्ण भूतकाळ परिणाम पुसला गेल्याची सूचना देतो. इंग्रजीला हे सांगायला वेगळं वाक्य जोडावं लागतं. मराठीत ‘येऊन गेला’मधलं ‘गेला’ ते काम करतं.

प्रयत्न आणि यश यांचंही तसंच. ‘ओन रेशाल झादाचु, नो ने रेशील’: तो गणित सोडवत होता, पण सुटलं नाही. क्रियापद एकाच जोडीतलं, फरक फक्त विदचा. परीक्षेच्या बाबतीत ‘झ्दावाल’ म्हणजे परीक्षा दिली, ‘झ्दाल’ म्हणजे पास झाला. इंग्रजीत यासाठी दोन वेगळी क्रियापदं लागतात. परीक्षेहून आलेल्या मुलाने ‘झ्दावाल’ म्हटलं, तर पेढे आणायची घाई करू नका.

वेळेचा कालावधी हा त्यातल्या त्यात भरवशाचा आधार. ‘या पिसाल पिस्मो चास’: तासभर पत्र लिहीत होतो. ‘या नपिसाल पिस्मो झा चास’: तासाभरात लिहून झालं. ‘झा’ हे शब्दयोगी काम पुरं व्हायला लागलेला वेळ सांगतं, म्हणून त्याच्यासोबत सहसा परफेक्टिव्ह. नुसता ‘चास’ किती वेळ चाललं ते सांगतो, म्हणून अपूर्ण. इंग्रजीत हाच भेद ‘इन ॲन अवर’ आणि ‘फॉर ॲन अवर’ यांच्यावर पडतो.

आणि परफेक्टिव्ह म्हणजे ‘काम तडीस नेलं’ असंही दर वेळी नसतं. ‘पचितात्’ हेही परफेक्टिव्हच, पण अर्थ ‘थोडा वेळ वाचणे’. पुस्तक अर्धं राहिलं तरी हरकत नाही. मर्यादा इथेही आहे, पण ती वेळेची.

जोड्या पाठ करताना उपसर्गापाशी सांभाळा. ‘पिसात्’ची जोडी ‘नपिसात्’, लिहून काढणे. पण ‘झपिसात्’ म्हणजे नोंदवून घेणे, ‘पत्पिसात्’ म्हणजे सही करणे. उपसर्गाने विद बदलला आणि शब्दही बदलला. मग सही करण्याची अपूर्ण बाजू हवी म्हणून भाषेने ‘पत्पीसिवात्’ असं रूप घडवलं. काही जोड्या तर दिसायलाही वेगळ्या: बोलणे ‘गवारीत्’, सांगून टाकणे ‘स्काझात्’, घेणे ‘ब्रात्’ आणि ‘व्झ्यात्’. म्हणून वहीत एकटं क्रियापद कधीच लिहू नका. दोन्ही शेजारी, आणि प्रत्येकाचं एक वाक्य.

आता इंग्रजीकडून येताना मुद्दाम विसरायच्या काही सवयी. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ हे लांबलचक रूप रशियनमध्ये साधा वर्तमानकाळ होतं: ‘या राबोतायु झ्द्येस प्यात ल्येत’. मराठीतही आपण ‘पाच वर्षं इथे काम करतोय’च म्हणतो, तेव्हा इथे मधे इंग्रजी आणूच नका. पास्ट परफेक्टचंही वेगळं रूप नाही. ‘मी आलो तेव्हा तो निघून गेला होता’ याला ‘काग्दा या प्रिशोल, ओन उझे उशोल’. दोन्ही क्रियापदं साध्या भूतकाळात, आधी काय घडलं ते ‘उझे’ म्हणजे ‘आधीच’ हा शब्द सांगतो. दुसऱ्याचं बोलणं सांगताना इंग्रजी काळ मागे ढकलते: ‘ही सेड ही वॉज इल’. रशियन ढकलत नाही: ‘ओन स्काझाल, श्तो ओन बोलेन’, शब्दशः ‘तो म्हणाला की तो आजारी आहे’. इथे भूतकाळ घातलात, तर तो बोलण्याच्या आधी आजारी होता असा अर्थ निघेल.

मग बोलताना विद निवडायचा कसा? क्रिया आत्ता चालू आहे का? अपूर्ण, विषय संपला. आधी ‘सुरू करणे’, ‘थांबणे’, ‘चालू ठेवणे’ यापैकी काही आहे का? पुढचं क्रियापद अपूर्णच. ‘सुरू केलं’नंतर ‘प्रचितात्’ रशियन कानाला सहनच होत नाही. सवय किंवा वारंवार होणारी गोष्ट असेल तरी अपूर्ण. यातलं काही नसेल, तेव्हाच पुढचा प्रश्न: ऐकणाऱ्याला परिणामाशी कर्तव्य आहे की घडलं-न घडलं एवढ्याशी? परिणाम असेल तर परफेक्टिव्ह. एकामागून एक घटना सांगत असाल, आला, बसला, म्हणाला, तर तिथेही परफेक्टिव्ह, कारण प्रत्येक क्रिया संपल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. पाऊस पडत होता, दिवा जळत होता, अशी पार्श्वभूमी मात्र अपूर्ण.

नकारार्थी आज्ञेत इंग्रजीचा काही उपयोग नाही, कारण तिथे ‘डोन्ट’ एकच. रशियनमध्ये ‘करू नकोस’ असं मुद्दाम करण्यापासून रोखायचं असेल तर अपूर्ण: ‘ने अत्क्रिवाय अक्नो’, खिडकी उघडू नकोस. पण जे कोणी मुद्दाम करत नाही, चुकून होतं, त्याबद्दल सावध करायचं असेल तर परफेक्टिव्ह: ‘ने झाबूद’, विसरू नकोस हं, ‘ने उपादी’, पडशील, सांभाळ. तेव्हा निसरड्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला ‘ने पादाय’ म्हणालात, तर अर्थ पोहोचेल, पण तो पडायचं ठरवूनच उभा होता असं काहीसं ऐकू येईल.