डाग झाकण्याआधी तोंड उघडा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'चेहऱ्यावरची जखम आणि ग्राहकभेट'. पुढच्या रांगेतल्या पार्लरवाल्या ताई वह्या उघडून बसल्यात, कारण मेकअपचं सांगणार असं आयोजकांनी जाहीर केलंय. सांगतो. पण माझा हट्ट वेगळा आहे: डाग झाकण्याआधी तोंड उघडा.

तुम्ही विम्याचा तक्ता पुढे सरकवता, पण समोरच्याचं लक्ष तुमच्या डोळ्याखालच्या काळ्यानिळ्यावर. विचारावं की नको, या पेचात त्याला हप्ता किती तेही ऐकू येत नाही. म्हणून खुर्चीत टेकण्याआधीच सांगून टाका: "गाडीवरून घसरलो, डॉक्टरांना दाखवलंय, आता बरं आहे. हं, तुमची पॉलिसी मार्चमध्ये संपतेय ना?" शेवटचा प्रश्न विसरू नका. "बरं आहे" म्हणून गप्प बसलात, की त्या फटीतून आंबेहळद आत येते! (हशा)

हसताय, पण आंबेहळद एकटी येत नाही. रक्तचंदन येतं, ते सहाणेवर किती उगाळायचं ते येतं, मग भाच्याचा अपघात, तो खड्डा कुठल्या चौकात, शेवटी नगरपालिका. चहा दोनदा होतो, सही राहते. काही जण तर लेप लावूनच भेटीला येतात. हळदीचा पिवळेपणा धुतल्यावरही कातडीवर राहतो. मधे निळं, भोवती पिवळं, म्हणजे मुका मार आहे त्याहून मोठा दिसतो. खोक पडली असेल तर लेपाचं नावच नको.

दुसरी खोड विनोदाची. "बायकोनं लाटणं घातलं!" ऐकणाऱ्याच्या घरात खरंच कुणी मार खात असेल, तर तो हसेल आणि पुन्हा तुम्हाला बोलावणार नाही. इथे टीम सांभाळणारे बसलेत, त्यांना सांगतो: सहकारी बाई चेहऱ्यावर मार घेऊन आली, तर चारचौघांत चौकशी नको. एकटीला, दार लावून, एकदाच विचारा. 181 ही महिला हेल्पलाइन माहीत असू द्या. ती नाही म्हणाली तर खोदू नका.

आणि हकीकत सगळ्यांना एकच सांगा. एका सोसायटीत तुमचे तीन ग्राहक असले तर ते लिफ्टमध्ये भेटतात.

आता दिवसांचा हिशेब. मार पहिल्या दिवशी फसवतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते. कपाळाला लागलं तरी रक्त खाली उतरून डोळे सुजतात. म्हणून त्याच संध्याकाळी आरशात बघून "उद्याची मीटिंग होईल" म्हणू नका. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दर दोन-तीन तासांनी 10-15 मिनिटं, रात्री उशी उंच. जांभळं आठवडाभरात हिरवट होतं, मग पिवळं, दोनेक आठवड्यांत जातं. पण एकाचे दोन दिसले, गाल बधिर झाला, दातावर दात बसेना किंवा नाकातून पाण्यासारखं गळायला लागलं, तर भेट रद्द करून थेट रुग्णालय.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. ताई, लिहा. टाके किंवा ओली जखम असेल तर मेकअप नाही. चेहऱ्याचे टाके साधारण पाच-सात दिवसांत निघतात, तोवर डॉक्टर सांगतील तशी पट्टी, तीही स्वच्छ. कातडी अखंड असेल तर आधी मॉइश्चरायझर, मुरू द्या. मग करेक्टर, म्हणजे डागाचा रंग मारणारं रंगीत क्रीम: निळ्यावर पीच, सावळ्या रंगाला नारिंगी. मसुराच्या दाण्याएवढा, फक्त डागावर, अनामिकेनं टेपायचा, घासायचा नाही. नुसतं फाउंडेशन थापलं की डाग राखाडी दिसतो, तक्रार इथलीच असते. करेक्टर बसला की ओल्या स्पंजनं फाउंडेशन, वर पावडर. चमकी नको, सूज उठून दिसते. सूज मेकअपनं झाकत नाही. खोलीत गॉगल नको. व्हिडिओ कॉलला उजेड समोरून घ्या, बाजूनं घेतला की सुजेची सावली पडते. रात्री काढताना कापसावर तेल घेऊन टेकवा, क्षणभर थांबा, मग पुसा. ओढून पुसलंत तर दुखतंच, वर कातडी लाल होते.