अंतरपाट दूर होतानाचा उजेड

(पुण्यात छायाचित्रण शिकणाऱ्यांसमोर रविवारी सकाळी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. आजचा विषय आहे कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला फ्लॅश आणि त्याला हवेतून निरोप देणारा रेडिओ ट्रिगर. सुरुवात एका लग्नापासून करतो, कारण ट्रिगरची गरज मला तिथे कळली.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. कर्वे रोडच्या बाजूचं एक मंगल कार्यालय, सकाळचा मुहूर्त. नवरीची नऊवारी, नाकात नथ, कपाळाला मुंडावळ्या. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने असा चेहरा पापडासारखा सपाट होतो. नथीच्या मोत्यांना गोलाई राहत नाही, जरीची वीण दिसत नाही, कारण ज्या दिशेने आपण बघतो त्याच दिशेने उजेड जातो आणि सावली वस्तूच्या मागे लपते. मला उजेड बाजूने हवा होता. म्हणून मी एक फ्लॅश स्टँडवर लावून बोहल्याच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला आणि ऑप्टिकल स्लेव्हवर टाकला. म्हणजे माझ्या कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चमकला की तो बघून कोपऱ्यातला चमकणार.

घरी तालीम केली होती. एकदाही चुकला नव्हता. पण घरी दोनशे पाहुणे नव्हते. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं तसे सगळे कॅमेरे वर झाले. प्रत्येकाच्या फ्लॅशला माझा कोपऱ्यातला फ्लॅश इमानाने उत्तर देत राहिला. 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि मी बटण दाबलं तेव्हा तो पुन्हा चार्ज होत होता. फुल पॉवरवर टाकलेल्या फ्लॅशला साध्या सेलवर पाच-सहा सेकंद लागतात. त्या सेकंदांत दोघांनी एकमेकांकडे पहिल्यांदा बघितलं, आणि माझ्याकडे त्या नजरेचा फोटो अंधारा आला. अल्बम बघताना नवरीच्या आईने मला विचारलं, "तो क्षण नाही का?" त्या प्रश्नाला मी आजही विसरलेलो नाही.

त्याच महिन्यात मी पहिले रेडिओ ट्रिगर घेतले. एक कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे डोक्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेवर, एक फ्लॅशखाली. रेडिओला उजेड दिसत नाही, त्यामुळे पाहुण्यांचे फ्लॅश त्याला फसवू शकत नाहीत. इन्फ्रारेडवाल्यांसारखी समोरासमोर नजर लागत नाही, उन्हात तो आंधळा होत नाही, सॉफ्टबॉक्सच्या, म्हणजे उजेड मऊ करणाऱ्या कापडी डब्याच्या, आत बसूनही ऐकतो. आणि तरी दुसऱ्याच लग्नात माझा फ्लॅश आपोआप चमकू लागला. खालच्या हॉलमध्ये दुसरं लग्न होतं, तिथल्या छायाचित्रकाराकडे तसलेच ट्रिगर होते. त्या ट्रिगरना चार बारीक खटके असायचे, त्यांच्या उलटसुलट जुळणीतून सोळा चॅनल होत. आम्ही दोघांनीही ते खोक्यातून काढल्यापासून हलवलेच नव्हते. जिन्यात भेटून आम्ही चॅनल वाटून घेतले. आज गोडॉक्स कंपनीच्या एक्स पद्धतीत ३२ चॅनल आहेत आणि त्यावर १ ते ९९ असा वेगळा आयडी लावता येतो. ट्रिगर हातात आल्यावर पहिलं काम तेच करा.

आता ट्रिगर नेमकं करतो काय? साधा ट्रिगर फक्त एक शब्द बोलतो: 'आत्ता'. ढोल-ताशा पथकात ताशाने इशारा दिला की चाळीस ढोल एका ठोक्यावर पडतात, तसं. पण ठोका कशाशी जुळवायचा हे समजून घ्या, कारण इथेच निम्मे लोक अडतात.

तुमच्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे एकामागून एक सरकणारे दोन पडदे. पहिला सरकला की सेन्सर उघडा पडतो, दुसरा सरकला की झाकला जातो. साधारण १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत मधे एक क्षण असा येतो की पहिला पडदा पूर्ण गेलेला आहे आणि दुसरा निघालेला नाही. फ्लॅश त्याच क्षणी चमकायला हवा. अंतरपाट पूर्ण दूर झालेला असावा, तसं. या वेगाला सिंक स्पीड म्हणतात. त्याहून वेगात गेलात तर दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठच निघतो, सेन्सरवरून नुसती एक फट धावते, आणि फ्लॅशचा उजेड त्या फटीपुरताच पोचतो. फोटोत काळा पट्टा येतो.

रेडिओ लहर स्वतः उशीर करत नाही. दहा मीटर जायला तिला सुमारे ३३ नॅनोसेकंद लागतात. उशीर होतो तो दोन्ही बाजूंच्या सर्किटमध्ये. स्वस्त ट्रिगरमध्ये तो इतका होतो की कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत १/२५० लिहिलेलं असलं तरी तुम्हाला १/१६० वरच थांबावं लागतं. हे कुणाला विचारून कळत नाही. पांढऱ्या भिंतीसमोर फ्लॅश लावा, कॅमेरा आडवा धरा, १/१२५ पासून एकेक पायरी वर जा. ज्या वेगाला बहुधा खालच्या कडेला काळसर पट्टा डोकावेल, त्याच्या एक पायरी अलीकडे तुमची हद्द. ती ट्रिगरवर पट्टी चिकटवून लिहून ठेवा.

हाय स्पीड सिंक आहे, त्यात फ्लॅश एकदा न चमकता फट सरकेपर्यंत भराभर लुकलुकत राहतो. भर दुपारी अपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, मोठं ठेवायचं असेल तर उपयोगी आहे, पण ताकद बरीच घटते, दोन स्टॉप तर सहज; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. ज्याला साधा फ्लॅश नीट जमला नाही त्याने इकडे वळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टीटीएल म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने स्वतः ठरवणं. त्याबद्दलही तेच. शिकताना मॅन्युअल वापरा, ताकद आपण ठरवा. ट्रिगर घेताना मात्र आपल्या कंपनीच्या कॅमेऱ्यासाठीचाच घ्या, कारण हॉट शूच्या मधल्या टोकावरून 'आत्ता' जातं, बाकीच्या टोकांवरची भाषा कॅननची वेगळी, निकॉनची वेगळी. सोनीचा तर शूच वेगळा. कॅननने २०१२ मध्ये ६०० ईएक्स-आरटी या फ्लॅशच्या आतच रेडिओ बसवला. आता बऱ्याच फ्लॅशमध्ये रिसीव्हर आतच असतो, खाली वेगळा डबा लागत नाही.

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे तिकडे येतो. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात पथकांचा सराव चालतो. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं आकाश जांभळं असतं. ढोल बांधलेली एखादी मुलगी ताठ उभी असते. तिचा फोटो काढायचा आहे. आधी फ्लॅश बंद ठेवून फक्त आकाश जुळवा. समजा आयएसओ (सेन्सरची उजेडाची जाण) २००, अपर्चर एफ ५.६, शटर १/१६०. ती काळी छाया दिसेल, दिसू द्या. मग पांढऱ्या छत्रीतून फ्लॅश, तिच्यापासून दीड मीटर, पंचेचाळीस अंशांवर, डोळ्यांच्या जरा वर, १/८ पॉवर. फोटो बघा. चेहरा जास्त उजळला तर पॉवर १/१६ करा.

आता शटर १/१६० वरून १/४० करा. आकाश दोन स्टॉपने उजळेल आणि चेहरा जवळजवळ तसाच राहील. कारण कमी पॉवरवर फ्लॅश हजारांश सेकंदाहूनही कमी वेळ चमकतो. पडदा किती वेळ उघडा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शटर आकाशाचं, अपर्चर दोघांचं, पॉवर आणि अंतर फ्लॅशचं. अंतराची गंमत अशी की स्टँड दीड मीटरवरून तीन मीटरवर नेला तर उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश होतो. म्हणून मी मुलांना सांगतो, पॉवरच्या बटणाकडे हात नेण्याआधी स्टँड उचलून एक पाऊल हला. ट्रिगरने दिलेली खरी मोकळीक ही आहे. वायर असती तर ते पाऊल टाकताना कुणीतरी अडखळलं असतं.

आणि छत्री लावलीत तर स्टँडच्या पायावर वजन ठेवा, किंवा माणूस उभा करा. नदीकाठी वारा आला की छत्री शीड होते.

गर्दीत ट्रिगर दगा देतात, त्याचं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं. बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच. या लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटरच्या, आणि पाण्याने भरलेलं माणसाचं शरीर त्या शोषून घेतं. भरलेल्या कार्यालयात रिसीव्हर कमरेच्या उंचीवर असेल तर तुमच्यात आणि त्याच्यात माणसांची भिंत उभी असते. स्टँड डोक्यांच्या वर न्या, अडचण बहुतेक वेळा संपते. उलट, फ्लॅश अगदी हाताशी असतानाही काही ट्रिगर अडखळतात. अशांपैकी काहींमध्ये १ ते १०० मीटर की ० ते ३० मीटर अशी निवड असते, ती तपासा. आणि सेल. ट्रिगरचे सेल मरायला लागले की तो बंद पडत नाही, मधूनच एखादा फोटो गाळतो. तो कोणता असेल हे तुमच्या हातात नसतं. म्हणून मुहूर्ताच्या अर्धा तास आधी मी सगळे सेल बदलतो, भरलेले असले तरी.

जुन्या बाजारात जुने फ्लॅश मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण काहींच्या टोकावर दोनशे व्होल्टच्या पुढचा दाब असतो. ते थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. मल्टिमीटरने मोजा, आणि कॅमेरा व रिसीव्हर या दोघांच्या पुस्तिकेतली मर्यादा बघा.

बोलणं पुरे. मागची भिंत पांढरी आहे, खिडक्यांचे पडदे ओढून घ्या. आपापले ट्रिगर बाहेर काढा आणि आधी चॅनल वाटून घेऊ: दारापासून सुरुवात, तुम्ही एक, तुम्ही दोन, असं शेवटच्या खुर्चीपर्यंत. मग एकेकाने भिंतीसमोर या, १/१२५ पासून.