सेकंड हॉर्नची खुर्ची

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडी काटछाट करून.)

नमस्कार मंडळी. मला विषय दिला होता ‘परदेशात जपलेली आपली संस्कृती’. मी होही म्हटलं होतं. पण गणपतीपासून डोक्यात दुसरंच काहीतरी घोळतंय, आणि फराळाच्या आधी माइक हातात आलाय, म्हणजे तुम्ही कुठे जाणार नाही. तेव्हा तेच बोलते.

आमची लेक इथे इंग्लंडात गावच्या ब्रास बँडमध्ये, म्हणजे पितळी वाद्यांच्या बँडमध्ये, टेनर हॉर्न वाजवते, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. तिच्या आजीला हे फोनवर सांगितलं तेव्हा आजी एवढंच म्हणाली, “एवढं शिकवलंस आणि वरातीत पाठवतेस?” वाद्य बँडचंच आहे, फुकट वापरायला दिलेलं. मरून रंगाचा कोट आहे. माझ्या सासूबाईंना अजून वाटतं की कोट आहे म्हणजे पगारही असणार.

तर यंदा आपलं विसर्जन ज्या रविवारी होतं, त्याच दुपारी पार्कातल्या बँडस्टँडवर त्यांचा मोसमातला शेवटचा कार्यक्रम. घरात जे व्हायचं ते झालं. मी म्हटलं, बाप्पा वर्षातून एकदा येतो. ती म्हणाली, “आई, मी तिथे गेले नाही तर सेकंड हॉर्न नसेल. मंडळात आले नाही तर कुणाला कळेल?”

उत्तर सुचलं नाही म्हणून मी आवाज चढवला. ही कला आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे.

पण ती खोटं बोलत नव्हती. ब्रास बँडमध्ये पंचवीसेक वाजवणारे, वर ड्रमवाले. हॉर्न तीनच: सोलो, फर्स्ट, सेकंड. प्रत्येकाच्या स्टँडवर वेगळा कागद, वेगळा सूर. सेकंड हॉर्नच्या वाट्याला चाल जवळजवळ कधी येतच नाही. चाल कॉर्नेटवाले मिरवतात. हिनं बेसच्या ठोक्यामागून मधला ठोका भरायचा आणि गप्प बसायचं. पण ती नसली की मधलं सगळं पोकळ वाजतं, आणि कुणी आजारी पडलं तर सेक्रेटरी दुसऱ्या गावच्या बँडात फोन करून ‘डेप’ शोधत बसतो. डेप म्हणजे आपला गिरणीतला बदली कामगार.

आपल्या पथकात माझा ढोल गेली कित्येक वर्षं ताशाच्या अर्धा ठोका मागून चालतो. कुणी काही बोलत नाही. त्यातही मजा आहे, मी नाही म्हणत नाही. चुकलं तरी शेजारीण सांभाळून घेते. पण मुलीच्या जागी बसून पाहिलं तर कळतं, की जिथे चुकलेलं कुणाला ऐकू येत नाही, तिथे बरोबर वाजवलेलंही येत नाही.

आणि हे लोक वाजवतात कुठे कुठे! नोव्हेंबरात युद्धस्मारकापाशी, रिमेम्ब्रन्स संडेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी. डिसेंबरात सुपरमार्केटच्या दारात, बिनबोटांचे हातमोजे घालून, पुढे बादली ठेवून. आणि व्हिट फ्रायडेला सॅडलवर्थमध्ये. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा तरी जा. मे-जूनमधला एक शुक्रवार, डेल्फ, डॉबक्रॉस, अपरमिल अशा गावांतून बसगाड्या भरून बँड फिरतात. गावात उतरायचं, रस्त्यानं वाजवत चालायचं, मग उभं राहून एक मार्च वाजवायचा, की पळा पुढच्या गावाला, रात्र होईपर्यंत. परीक्षक कॅरॅव्हॅनमध्ये पडदे लावून बसतो. कोण वाजवतंय ते त्याला दिसत नाही. आपल्या वेशभूषा स्पर्धेत ही पद्धत आणावी असं माझ्या मनात आलं होतं, पण आपल्याकडे आई-बाबांचा आवाज ऐकूनच निकाल लागेल.

सॅडलवर्थ आलं ओल्डहॅमच्या हद्दीत, आणि ओल्डहॅम म्हणजे मँचेस्टरजवळचं जुनं कापडगिरण्यांचं गाव. माझे बाबा परळच्या गिरणीत साच्यावर होते. तिथल्या यंत्रांवर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं नाव असायचं, असं ते सांगत. रात्रपाळी करून चाळीतल्या भजनी मंडळात पखवाज. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, असली की पाळी बदलून घ्यायची, जॉबरला चहा पाजायचा, काहीही करायचं, कारण पखवाजाला दुसरा माणूस नव्हता आणि समोरचा बुवा हसला असता. १९८२चा संप झाला, माणसं गावी गेली, पखवाज माळ्यावर गेला. इकडे ब्लॅक डाइक बँड १८५५ सालचा, गिरणीचाच. आजही वाजतो. ग्राइमथॉर्पची कोळशाची खाण १९९३ला बंद झाली, बँड चालू आहे. का, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. पण लेकीनं तो ‘कुणाला कळेल?’ प्रश्न विचारला तेव्हा मला बाबा आठवले, आणि आपली मंडळाची सभा आठवली, जिथे साडेसहा म्हणजे सव्वासात.

रागावू नका, पण आपण मुलांना काय देतो? दोन ओळी पाठ, नऊवारी, फेटा, स्टेज, व्हिडिओ. व्हिडिओ आजी-आजोबांना गेला की काम झालं. पुढच्या वर्षी ते मूल नसलं तर तोच फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर.

बँडचंही सगळं गोडगोड नाही, बरं का. पार्कात ऐकायला बसतात ते निम्मे पेन्शनर, घडीच्या खुर्च्या घेऊन. बेस वाजवणारे आजोबा सत्तरीच्या पुढचे. अठराव्या वर्षी मुलं युनिव्हर्सिटीला जातात, फार थोडी परत येतात. आमचीही जाईल. तेव्हा त्यांचीही खुर्ची रिकामी, आणि आपल्याकडे तर ती मांडलेलीच नव्हती.

त्या रविवारी शेवटी मी तिच्याबरोबर पार्कात गेले. मंडळातून फोन आला तो दोन-तीन दिवसांनी. मोठं पातेलं माझ्याकडे राहिलंय का, म्हणून.

तिथेच बँडच्या कंडक्टरनं मला गाठलं. पुढच्या उन्हाळ्यात बँडस्टँडवर आपल्या ढोल-ताशानं त्यांच्याबरोबर एक मार्च वाजवावा, असं त्याच्या डोक्यात आहे. तालीम मंगळवारी, साडेसात म्हणजे साडेसात. त्याला ताल कागदावर लिहून हवेत. आपल्यात ते कोण लिहिणार यावर समितीच्या ग्रुपवर एव्हाना दोन तट पडलेले आहेत. पण त्याचा पहिला प्रश्न वेगळाच होता: नक्की कितीजण येणार? त्याला तेवढ्या खुर्च्या मांडायच्या आहेत.

मी अजून आकडा दिलेला नाही. वही फराळाच्या टेबलाशी ठेवते, कारण तिथे सगळे भेटतात. मंगळवार जमणार असेल तरच नाव घाला. माझ्या लेकीनं अजून घातलेलं नाही. म्हणाली, आधी बघते कोण कोण येतंय.